फुटाला एकशे अठ्ठावीस छिद्रं

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, याची गोष्ट सांगणारा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ सालचा. नंदू माधव त्यात फाळके झाले होते आणि विभावरी देशपांडे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. सिनेमा संपला की कुणीतरी विचारतंच, यातलं खरं किती आणि पदरचं किती? हा हिशेब मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं. ज्या गोष्टी हमखास रचलेल्या वाटतात, त्याच नेमक्या खऱ्या निघतात.

आता नावच घ्या. सिनेमात काम करणं त्या काळी चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना पढवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणायचं. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली! सिनेमाच्या ध्यासापायी काही काळ फाळक्यांची दृष्टी गेली होती, हेही खरं आहे.

सगळ्यात मोठं नवल वाटाण्याचं. १९१२ साली लंडनहून फाळक्यांचा विल्यमसन कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर एका जागी पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रीकरण करत राहिले. पडद्यावर मात्र मिनिटभरातच माती फुटली, कोंब वर आला आणि झाड वाढलं. 'अंकुराची वाढ' हे त्या फितीचं नाव. आज टाइमलॅप्स प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा बी रुजताना डोळ्यांदेखत बघणं म्हणजे काय असेल! ती फीत पाहूनच फाळक्यांना पैसे देणारा माणूस मिळाला.

आणि मग छिद्रं. त्या वेळी कच्ची फीत यायची ती सपाट, कडांना छिद्रं नसलेली. कॅमेऱ्यातली आणि प्रोजेक्टरमधली दातेरी चाकं या छिद्रांत अडकूनच फीत पुढे ओढतात. छिद्रं जराशी मागेपुढे पडली तरी पडद्यावर चित्र थरथरतं. ती पाडायची अंधारात, कारण उजेड लागला की फीत वाया गेली. यंत्र फाळक्यांनी लंडनहून आणलं होतं आणि ते चालवायला सरस्वतीबाई शिकल्या. ३५ मिलिमीटरच्या फितीत फुटाला १६ चौकटी असतात आणि दर चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रं. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. गुणाकार करून बघा: पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं, आणि तीही एका प्रतीची, निगेटिव्हची वेगळी. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. या बाईंना सिनेमाने नायिकेचा मान दिला, ही मला त्यातली सर्वांत मोलाची सत्यनिष्ठा वाटते.

खोटं कुठे आहे? संवादांत. फाळक्यांच्या घरात नवरा-बायको काय बोलत, हे कुणी टिपून ठेवलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य लेखकाचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खऱ्या घटनेवरच्या बहुतेक बोलपटांत हेच होतं. प्रश्न विचारावा तो सुराबद्दल. मोकाशी ही सगळी धडपड हसतमुख ठेवतात. पहिली बायको आणि मूल गोध्र्यात गमावलेला, पुढे १९४४ साली नाशिकमध्ये जवळजवळ विस्मृतीत गेलेला माणूस या चौकटीबाहेर राहतो. गोष्टीला दोन-तीन वर्षांचीच मर्यादा घातल्यावर हे चालतं, असं मला वाटतं. प्रेक्षकाने मात्र त्या आनंदालाच पूर्ण चरित्र समजू नये.

'राजा हरिश्चंद्र'च्या 'पहिला भारतीय चित्रपट' या बिरुदावरही वाद आहेच. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला तो १८ मे १९१२ला, 'राजा हरिश्चंद्र' तिथेच लागला ३ मे १९१३ला. पण 'पुंडलिक' म्हणजे नाटकाचं चित्रीकरण, कॅमेऱ्यामागे ब्रिटिश माणूस आणि फितीवरची प्रक्रिया लंडनला. म्हणून बहुतेक जण मान फाळक्यांना देतात. ज्या चित्रपटामुळे फाळक्यांना सिनेमाचा ध्यास लागला, तो 'ख्रिस्ताचं चरित्र' त्यांनी कधी पाहिला, त्यावरही एकमत नाही. कुठे १९१०चा नाताळ सापडतो, कुठे १९११चा ईस्टर.

मग ताळा करायचा तरी कशाशी? साहजिकच मूळ चित्रपटाशी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याच्या चारपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोन रिळं आहेत. पण काही अभ्यासकांनी १९१३ची छायाचित्रं या रिळांशेजारी ठेवून पाहिली, तर दृश्यं जुळेनात. त्यांच्या मते हा फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेला 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल पुरावा मानत आलो, तीच कदाचित दुसरी आवृत्ती आहे.

त्याच सुमाराची आणखी एक छोटी फीत शिल्लक आहे. चित्रपट कसा तयार होतो, हे लोकांना कळावं म्हणून फाळक्यांनी ती काढली. तीत ते स्वतः नटांना सूचना देताना आणि हातात फीत धरून निरखताना दिसतात. हा माणूस असा काम करायचा, याचा याहून जवळचा पुरावा कुठला मिळणार? आणि तरीही कॅमेरा समोर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'च्या नव्वदएक वर्षं आधी फाळक्यांची पहिली भूमिका केली ती फाळक्यांनीच.