वर्गणीची विमाने

आमच्या शिरोळ तालुक्यातील माणूस वर्गणीला मुरलेला आहे. गणपती झाला की ग्रामदैवताची यात्रा, यात्रा झाली की कुस्त्यांचे मैदान, ते झाले की बैलगाड्यांच्या शर्यती, अशी पावतीपुस्तके वर्षभर हिंडत असतात. निवडणुकीत उमेदवाराला मताबरोबर नोटही देणारा हा प्रदेश! अशा गावात बसून मी विमानांच्या शर्यतींविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. जयसिंगपुरास विमानतळ नाही. आमची उडी मिरज-कोल्हापूर लोहमार्गापर्यंत. पुढे कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ आहे, तो राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत 1939 साली सुरू झाला. पण मराठीच्या मास्तराला ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ हे दोन शब्द वर्षातून दहा वेळा फळ्यावर लिहावे लागतात; आणि या दोन शब्दांची जिवंत गोष्ट मला सापडली ती नेमकी विमानांच्या शर्यतीत.

या शर्यतींचा पहिला काळ राजाश्रयाचाच. जाक श्नायडर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पाण्यावरून उडणाऱ्या विमानांसाठी एक चषक ठेवला, आणि 1913 पासून त्यासाठी चुरस सुरू झाली. पुढे ही चुरस व्यक्तींची न राहता राष्ट्रांची झाली. पाच वर्षांत तीन वेळा जिंकणाऱ्याला चषक कायमचा मिळायचा होता. इंग्लंडने 1927 आणि 1929 साली बाजी मारली, आणि 1931 साली ऐन वेळी तिथल्या मजूर सरकारने हात आखडला. मंदीचे दिवस होते. सरकारचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. पण ल्यूसी ह्यूस्टन नावाच्या एका धनाढ्य विधवेला ते मानवले नाही. त्या बाईंनी एक लाख पौंड काढून दिले. सरकारला चार खडे बोल सुनावण्याची संधीही साधली म्हणतात. गंमत अशी की, प्रतिस्पर्धी देशांची विमाने वेळेवर सज्जच झाली नाहीत आणि इंग्लंडचे विमान एकटेच धावले! तरी ते ताशी सुमारे 547 किलोमीटर वेगाने गेले. ते ज्याने आखले होते त्या मिचेलने पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान आखले, आणि 1940 साली इंग्लंडच्या आभाळात ते किती उपयोगी पडले हे सर्वश्रुत आहे.

आपल्याकडेही अशी एक स्पर्धा होऊन गेली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास आगाखान यांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले होते. 1930 साली तिघे तरुण त्यासाठी निघाले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग आधी पोहोचले, पण त्यांचा प्रवास नियमातल्या मुदतीत बसला नाही. जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते आणि अवघ्या सतरा वर्षांचा आस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकिर येथे दोघांची गाठ पडली. आस्पी तेथे अडकून बसला होता. इंजिनाला लागणारे स्पार्क प्लग त्याच्याजवळ नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. प्रतिस्पर्ध्याला! आस्पीने कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. मग आस्पी थोडक्या तासांनी जिंकला, आणि 1960 साली तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. कुस्तीच्या फडात आम्ही वस्तादांच्या खिलाडूपणाच्या पुष्कळ कथा ऐकतो. त्यांच्या शेजारी ही खुशाल मांडावी.

राजे गेले, लेडी ह्यूस्टनसारख्या दात्या गेल्या. मग शर्यती कोणी चालवल्या? अमेरिकेतील रेनो या गावी 1964 साली बिल स्टेड याने त्या पुन्हा उभ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने तेव्हा भंगाराच्या भावाने मिळत होती. लाइल शेल्टन या वैमानिकाने 1969 साली एका बेअरकॅट विमानाचा सांगाडा उचलला, दुसऱ्या विमानांचे भाग जोडून तो उभा केला, आणि त्याच ‘रेअर बेअर’ने 1989 साली ताशी 850 किलोमीटरचा विक्रम केला. पंख्याच्या विमानाचा तो विक्रम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे टिकला. अशी विमाने पगारी नोकरांवर चालत नाहीत. सुट्टी काढून, पदरचे खाऊन येणारे मिस्त्री, तिकीट काढणारे प्रेक्षक, टोप्या आणि सदरे विकत घेणारे भक्त यांच्या जिवावर ती चालतात. आमच्याकडे शर्यतीचा बैल सांभाळणाऱ्याच्या दारात संध्याकाळी जी मंडळी जमतात, तीच ही जात.

आणि संकटेही त्याच जातीची. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली थांबवल्या, 2021 च्या डिसेंबरात सशर्त सुरू झाल्या, 2023 च्या मे महिन्यात कायद्याला मान्यता मिळाली. या साऱ्या काळात शौकिनांचा खिसा रिकामा नव्हता. प्रश्न पैशाचा नव्हताच. रेनोचेही तसेच झाले. 2011 साली एक मस्टँग विमान प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिकासह अकरा माणसे गेली, साठांहून अधिक जखमी झाली. विम्याचा हप्ता अनेक पटींनी चढला. भोवती वस्ती वाढत होती. शेवटी विमानतळाच्या चालकांनी 2023 ची शर्यत अखेरची ठरवली, आणि त्या अखेरच्या दिवशीच दोन विमानांची टक्कर होऊन दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. 2025 च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे शर्यतीने नवा संसार थाटला आहे.

आता खरा प्रश्न. अशा खेळाला आपण वर्गणी द्यावी का? माझे एक सहकारी, गणिताचे, म्हणाले, “मरणाच्या खेळाला पावती कसली फाडायची?” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. वर्गणी देणारा स्वतः घरी सुखरूप असतो. धोका दुसऱ्याच्या माथी असतो. पण वर्गणी म्हणजे केवळ करमणुकीची किंमत असे मी मानत नाही. 1952 साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा सरकारदरबारी दाद लागली नव्हती. लोकांनी पैसे जमवले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. आमच्या प्राध्यापकवर्गाला मान वर करून सांगावी अशी ही गोष्ट आहे (घर गहाण टाकण्याची हिंमत आमच्यात किती जणांना होईल, ते मात्र विचारू नका).

तथापि जुन्या विमानाच्या बाबतीत पैशाची एक मर्यादा आहे, आणि शौकीन नेमकी तीच विसरतात. इंग्लंडमधील व्हल्कन हे प्रचंड बाँबफेकी विमान मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर आणि लॉटरीच्या निधीवर दुरुस्त होऊन 2007 साली पुन्हा उडाले. आठ वर्षे लाखो लोकांनी ते पाहिले. 2015 साली ते थांबले. कारण, त्याची जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांजवळ त्या जुन्या यंत्राची जाण असलेली माणसे उरली नव्हती. देणगीदार हजर, विमान हजर, वैमानिक हजर, आणि सही करणारा मिस्त्री नाही!

म्हणून मला वाटते, शौकिनांचा पैसा बक्षिसात आणि अधिक वेगात ओतू नये. तो हातात स्क्रू घेऊन शिकणाऱ्या पोरांवर खर्चावा. वेगाची हौस भागवण्याचा शहाणा मार्गही आहे. इंग्लंडात 1922 पासून किंग्ज कप शर्यत होते. तीत संथ विमान आधी सोडतात, वेगवान मागून, म्हणजे सारी शेवटच्या रेषेशी जवळजवळ एकत्र यावीत. तेथे इंजिन फोडून वेग काढावा लागत नाही. मला ही शर्यत अधिक सुसंस्कृत वाटते. माझ्या विद्यार्थ्यांना ती अळणी वाटली.

आपल्याकडे 2018 साली हवाई दलाला एक जुने डाकोटा विमान भेट मिळाले. राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये स्वखर्चाने दुरुस्त करून घेतले. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. ‘परशुराम’ नाव धारण करून ते उडत भारतात आले. ही पुन्हा एका दात्याची गोष्ट झाली, लोकांच्या पावत्यांची नव्हे. तशी गोष्ट आपल्याकडे व्हायची आहे.

वर्गात हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, शर्यत झालीच नाही तर वर्गणी परत देतात का?” त्याच्या घरी शर्यतीची बैलजोडी आहे. मी त्यालाच विचारले, बंदीच्या सात वर्षांत तुमच्या घरी बैलाला पेंड कोण घालत होते? तो म्हणाला, “आम्हीच. आणि गल्लीतली चार माणसं.”