निळा ठिपका आणि कागदाचा नकाशा

एका रविवारी सकाळी आठवी-नववीच्या वीस मुलांना घेऊन आम्ही पुण्याच्या जुन्या पेठा पाहायला निघालो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून लाल महाल, कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग आणि शेवटी मंडई असा पायी मार्ग ठरला होता. शनिवारवाडा ते मंडई हे अंतर सरळ रेषेत पाऊण किलोमीटरच्या आसपास. गल्ल्यांतून ते बरेच वाढते. मुलांचे दोन गट केले. एका गटाला जीपीएस असलेला मोबाइल दिला, तर दुसऱ्याला नकाशाची झेरॉक्स प्रत आणि होकायंत्र.

मोबाइलचा गट मंडईत आधी पोचला. नकाशावाले एका बोळात चुकले, एका दुकानदाराला विचारून परत फिरले आणि उशिरा आले. मग आम्ही सर्वांना डोळे मिटायला सांगितले आणि विचारले, ‘‘शनिवारवाडा कोणत्या बाजूला? बोट दाखवा.’’ उशिरा आलेल्यांची बहुतेक बोटे उत्तरेकडे वळली. आधी पोचलेल्यांची बोटे चहूकडे होती.

वीस मुलांच्या एका सकाळीवरून नियम काढता येत नाही, हे खरे. पण जपानमध्ये तोरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच दिसले होते. जीपीएस वापरून चालणारे लोक नकाशावाल्यांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले आणि नंतर त्यांनी काढलेली मार्गाची रेखाटने, वाट आधी प्रत्यक्ष चालून शिकलेल्यांच्या रेखाटनांपेक्षा, अधिक सदोष होती. असे का व्हावे?

ठिपका कुठून येतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि अचूक वेळ रेडिओलहरींनी सतत कळवत असतो. मोबाइल स्वतः उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. संदेश निघाल्याची आणि पोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. स्थानासाठी तीन अज्ञात संख्या काढायच्या असतात. मोबाइलचे घड्याळ उपग्रहावरील आण्विक घड्याळाइतके अचूक नसल्याने त्याची चूक ही चौथी अज्ञात संख्या. म्हणून किमान चार उपग्रह लागतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात 300 मीटरची चूक होते!

मोकळ्या मैदानात ही पद्धत काही मीटरपर्यंत बरोबर उत्तर देते. अरुंद गल्लीत मात्र दोन अडचणी येतात. आकाशाची एक पट्टीच दिसत असल्याने बाजूचे उपग्रह इमारतींआड जातात. शिवाय काही लहरी भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतात. मोबाइलला हे अंतर खरेच वाटते आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. आमच्या मुलांनी हे दोनदा पाहिले.

आणखी एक गंमत आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून आपण कुठे आहोत ते कळते, पण उभ्या जागी आपले तोंड कुठे आहे ते कळत नाही. ते मोबाइलमधील चुंबकीय होकायंत्र सांगते आणि जवळच्या लोखंडाने ते बहकते. म्हणून आपण दहा पावले उलट चालतो आणि मग वळतो.

नकाशा काय करून घेतो?

कागदाचा नकाशा ‘तुम्ही इथे आहात’ असे सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते. देवळाचा कळस, चौक, रस्त्याचे वळण पाहायचे, ते नकाशावर ओळखायचे, नकाशा फिरवून उत्तर दिशा जुळवायची. या खटपटीतच परिसर मनात उतरतो. आमच्या गटाला लवकरच सांगाडा सापडला : शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता साधारण दक्षिणोत्तर जातात आणि लक्ष्मी रस्ता त्यांना आडवा छेदतो. एवढे कळले की बोळात चुकलेला मुलगाही फार चुकत नाही.

मोबाइलवर गल्लीचे नाव वाचण्याइतके चित्र मोठे केले की शनिवारवाडा पडद्याबाहेर जातो. चालताना चित्रही फिरत असेल, तर उत्तर दिशा स्थिर राहत नाही. मुले तुळशीबागेच्या शिखराखालून गेली, पण त्यांचे डोळे ठिपक्यावर होते.

याचा अर्थ मोबाइल वाईट असा नाही. अंधारात, अनोळखी लिपीच्या गावात किंवा रानात कुणी जखमी झाल्यास मदतीसाठी अक्षांश-रेखांश कळवायला त्याच्यासारखे साधन नाही. पण वाट दाखवून घेणे वेगळे आणि वाट शिकणे वेगळे. सहलीचा हेतू दुसरा असतो.

वर्गात करून पाहा

शाळेभोवतीचा अर्ध्या किलोमीटरचा नकाशा 1 सेंटिमीटरला 50 मीटर या प्रमाणात मुलांकडून काढून घ्या. 500 मीटरला 10 सेंटिमीटर पुरतात, म्हणजे वहीचे पान पुरे. तो घेऊन फेरी मारा. दर चौकात आधी मुलांना आपली जागा पेन्सिलीने दाखवू द्या आणि मगच मोबाइल काढून पडताळा पाहा. फरक आला तर चूक कुणाची, याची चर्चा होऊ द्या. कधी मुलाची असेल, कधी ठिपक्याची. परत आल्यावर डोळे मिटून शाळेचे फाटक कुठे आहे, ते विचारायला विसरू नका. स्वतःचेही बोट आधी दाखवून पाहा!