सायकलची सीट आणि आपला गुडघा

शाळा सुटल्यावर फाटकाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. सायकलवर निघालेल्या कितीतरी मुलांचे गुडघे पॅडल मारताना पार हँडलजवळ येतात. सीट अगदी खाली असते. कारण विचारले की उत्तर ठरलेले: ‘थांबल्यावर पाय टेकायला हवेत ना!’ पण सीटची उंची थांबण्यासाठी ठरवायची की चालवण्यासाठी?

आधी थोडा हिशोब करू. बिनगिअरच्या एका सायकलचे दाते आम्ही मोजले. पुढच्या चक्राला ४४, मागच्याला १८. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर, तेव्हा एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. शाळा ४ किलोमीटरवर असेल, तर जाताना साधारण ७४० फेरे आणि येताना तेवढेच. प्रत्येक गुडघा रोज जवळजवळ १५०० वेळा वाकतो आणि सरळ होतो! एका वेळचा ताण किरकोळ असला, तरी तो असा साठत जातो.

हा ताण येतो कोठून? मांडीचे पुढचे स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीचे हाड ओढतात आणि पाय सरळ होतो. गुडघा खूप वाकलेला असताना जोर लावला, तर वाटी मांडीच्या हाडावर अधिक जोराने दाबली जाते. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्यात हेच घडते आणि गुडघा पुढच्या बाजूला दुखू लागतो. शिवाय पाय पुरेसा लांब होत नसल्याने स्नायूंची ताकद नीट वापरली जात नाही. तेवढ्याच अंतराला दमणूक जास्त होते. उलट सीट फार वर असेल, तर पॅडल गाठताना कंबर डावी-उजवीकडे झुकते आणि गुडघ्याच्या मागे ताण बसतो.

योग्य उंची शोधायला एक पाना आणि एक मित्र पुरे. मित्राने सायकल धरावी. आपण सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकतो. सरळ रेषेपासून हा वाक साधारण २५ ते ३५ अंश असावा. फळ्यावरच्या मोठ्या कोनमापकाने तो वर्गातच मोजता येईल.

सीट एकदम नव्हे, थोडी थोडी वर घ्यावी. दांडीवरची मर्यादेची खूण मात्र बाहेर येऊ देऊ नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय करावी. नवशिक्याने तोल सांभाळता येईपर्यंत सीट खालीच ठेवलेली बरी. एवढे करूनही दुखणे थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुले वाढत असतात. सीट आपोआप वाढत नाही. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला एक तास पाना आणि कोनमापक घेऊन सायकलींपाशीच घेऊ या. भूमिती आणि शरीरशास्त्र दोन्ही शिकून होईल आणि गुडघेही वाचतील.