गाठीतलं पाणी मोजताना

एमआरआयचं चित्र करड्या छटांचं असतं आणि त्या छटेला स्वतःचं मोल नसतं. तोच रुग्ण दुसऱ्या यंत्रात झोपला, की त्याच गाठीची छटा बदलते. म्हणून कर्करोगासाठी संख्यात्मक एमआरआय करणारा संशोधक छटेऐवजी आकडा मागतो. तो आकडा कितपत भरवशाचा, हे ठरवण्यात मात्र त्याच्या आयुष्याची बरीच वर्षं जातात.

नेमकं मोजतात काय, ते पाहू. शरीरातले पाण्याचे रेणू सतत भटकत असतात. गाठीत पेशींची दाटी असली, की त्यांना फार लांब जाता येत नाही. यंत्र चुंबकीय क्षेत्राचे दोन जोरदार झटके देतं. पहिल्याने रेणूवर उमटलेला परिणाम दुसरा पुसून टाकतो, पण रेणू जागचा हलला नसेल तरच. हलला असेल तर सिग्नल घटतो. स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये ही युक्ती मांडली. तिच्यावरून मेंदूची चित्रं देनी ल बिआँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर काढली. झटक्यांची तीव्रता आणि वेळ मिळून ठरणाऱ्या आकड्याला ‘बी-व्हॅल्यू’ म्हणतात.

समजा, बी शून्य असताना सिग्नल १००० आला आणि बी ८०० असताना ४५०. दोघांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम काढून ८००ने भागायचा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ०.००१ चौरस मिलिमीटर. हाच ‘एडीसी’. केमोनंतर पेशी मरू लागल्या, पाण्याला वाट मिळाली आणि ४५०चे ३७० झाले, तर एडीसी ०.००१२४ होतो, म्हणजे जवळपास २५ टक्के वाढ.

गाठ मात्र अजून तेवढीच दिसत असेल. आकारावरून निकाल देणाऱ्या निकषांत व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटल्याशिवाय औषध लागू पडलं असं मानत नाहीत. निरुपयोगी औषध सोसणाऱ्या माणसासाठी ही वाट पाहणं फार महाग पडतं. थॉमस शेनेवर्ट आणि मिशिगन विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये मेंदूच्या गाठींबाबत दाखवलं, की एडीसीतला बदल आकाराच्या आधी दिसू शकतो.

पण हे २५ टक्के औषधामुळे, की यंत्रामुळे? इथे शेनेवर्ट यांच्याच गटाचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. पाण्याचा एडीसी तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना सुमारे ०.००२०, शून्याला ०.००११. खोलीचं तापमान प्रत्येक रुग्णालयात वेगळं. मग त्यांनी पाण्याची नळी बर्फ-पाण्याने भरलेल्या बरणीत मधोमध बसवली. बर्फ शिल्लक आहे तोवर पारा शून्यावरच राहतो, मग रुग्णालय कुठलंही असो. नळी पुरती थंड झाली, की बरणी यंत्रात ठेवायची. आकडा ०.००११ आला नाही, तर खोट यंत्रात किंवा गणितात आहे. बर्फ कुठेही मिळतो, म्हणून ही तपासणी कुणालाही करता येते.

यंत्र पास झालं तरी माणूस उरतोच. तो श्वास घेतो, त्याच्या आतड्यात वायू असतो, गाठीची कड दरवेळी थोडी वेगळी आखली जाते. म्हणून उपचाराआधी त्याच रुग्णाचं स्कॅन दोनदा करून दोन्ही आकड्यांतली तफावत पाहतात. शोधनिबंधांच्या यादीत असं काम उठून दिसत नाही, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं अधांतरी राहतं. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संघटनेने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘किबा’ उपक्रमाने अशा अभ्यासांवरून उंबरठे ठरवले: ९५ टक्के खात्रीने खरा बदल म्हणायचा, तर मेंदूत एडीसी निदान ११ टक्क्यांनी बदलायला हवा, यकृतात २६, प्रोस्टेटमध्ये ४७.

आपली २५ टक्के वाढ मेंदूच्या गाठीत असेल, तर बदल खरा धरता येतो. यकृतात ती उंबरठ्याच्या जरा अलीकडेच अडते आणि प्रोस्टेटमध्ये तिच्यावर काहीच ठरवता येत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत एडीसी वापरायचा की नाही, आणि वापरला तर किती रुग्ण लागतील, हे याच टक्क्यांवरून ठरतं.