पेट्रोलचा वास अंगवळणी पाडून घेऊ नका

माझा भाचा नागपुरात जुनी पेट्रोल गाडी भाड्याने चालवतो. कारखाना बंद पडल्यावर पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने ती घेतली. मे महिन्यात बहिणीकडे गेलो असता त्या गाडीत बसलो आणि दार लावताच पेट्रोलचा उग्र वास नाकात शिरला. विचारले तर म्हणाला, "मामा, जुनी गाडी आहे, वास येणारच. काच खाली केली की जातो." त्याच गाडीतून सूनबाई तान्ह्या मुलीला घेऊन दवाखान्यात जाते. घरी आली की तिचे डोके दुखते, आणि ते उन्हाने दुखते असे सगळे समजत होते.

वाचक बंधू-भगिनींनो, पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असते. बेंझीन दीर्घकाळ श्वासातून गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. शिवाय ठिणगी मिळाली तर हीच वाफ पेट घेते. तेव्हा हा वास सोसण्याची गोष्ट नव्हे.

गॅरेजवाल्याने "टाकी सडली, बदलावी लागेल" म्हणून नऊ हजारांचे एस्टिमेट दिले होते. माझे आयुष्य कारकुनीत गेले. आकडा पाहण्याआधी तपशील पाहायची सवय. कागदावर तपशील एका ओळीचाच! शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांना बोलावले. ते म्हणाले, "टाकी सडली असती तर खाली पेट्रोल ठिबकले असते. इथे तर जमीन कोरडी आहे. वाफेची लाईन बघा."

ही वाफेची लाईन म्हणजे काय, ते मलाही त्याच दिवशी कळले. उन्हाने टाकीतले पेट्रोल सतत उडत असते. पूर्वीच्या गाड्यांत ती वाफ सरळ हवेत जाई. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर विषारी धुके दाटू लागले, तेव्हा हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की गाड्यांची आणि तेल कारखान्यांची न जळालेली वाफ उन्हात दुसऱ्या वायूंशी मिसळून ते धुके बनते. पुढे कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून ही वाफ अडवण्याची सोय गाड्यांना सक्तीची केली. आज आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही तीच सोय असते. टाकीतून एक नळी काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत दाणेदार कोळसा असतो. फ्रीजमधला वास मरावा म्हणून आपल्या घरी कोळशाचा तुकडा ठेवतात ना, तसाच हा कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम झाले की पर्ज व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेते आणि जाळते. म्हणजे उडणारे पेट्रोलही कामी येते.

काम हाती घेण्यापूर्वी काकांनी जे सांगितले ते आधी लिहितो, कारण जीव त्यात आहे. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. काम घरात किंवा बोळात नव्हे, मोकळ्या मैदानावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत शेजारच्या शेगडीपर्यंत जाऊ शकते. बिडी, उदबत्ती जवळ नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. पेट्रोल ठिबकत असेल तर हात लावू नये, ते गॅरेजचेच काम. इंजिनकडे पेट्रोल नेणारी नळी दाबाखाली असते, ती कदापि सोडू नये. कुठली नळी कुठली हे कळत नसेल, तर जाणता माणूस येईपर्यंत थांबावे.

प्रथम टाकीचे झाकण पाहिले. त्याचे रबर शाबूत होते. रबर चिरले असेल तर झाकणच बदलावे. खाली कॅरीबॅग लावून घट्ट बसवण्याचा उपाय पुष्कळजण करतात, तो उपयोगाचा नाही. मग कॅनिस्टर शोधला. काही गाड्यांत तो बोनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. आमचा पुढेच होता. त्याला जोडलेली रबरी नळी वाकवली तर इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तिला चांगल्या दोन बोटे लांबीची चीर पडलेली! जुना तुकडा घेऊन भाचा स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. नळी पेट्रोलसाठीचीच आणि त्याच मापाची हवी. पाण्याची नळी पेट्रोलने खराब होते. नळी आणि दोन क्लिपा मिळून दीडशे रुपयेही लागले नाहीत.

पण वास कमी झाला, गेला नाही. काकांनी कॅनिस्टर काढून हलवला तर आत पेट्रोल डुचमळले. ते भाच्याकडे वळून म्हणाले, "पंपावर राऊंड फिगर करतोस ना?" खरेच होते. नोझल खटकन बंद झाल्यावर पंपावरचा पोरगा "राऊंड फिगर करू का?" विचारतो आणि आपण मान डोलावतो. ते वरचे पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरू शकते. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, त्याचे दाणे सुटून झडपेत अडकतात. झडप उघडी राहिली की टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, ही तिची खूण. नशिबाने आमची झडप ठीक होती. बंद इंजिनवर ती बंदच असायला हवी. काढून सायकलच्या पंपाने हवा मारून पाहिली, पलीकडे गेली नाही. (तोंडाने ओढून पाहू नका, पेट्रोल पोटात जाईल.) कॅनिस्टरच्या ताज्या हवेच्या तोंडाशी मात्र कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते!

दुसऱ्या एका मेकॅनिकने "कॅनिस्टर काढून टाका, डायरेक्ट करून देतो" असा सल्ला फुकट दिला. पुष्कळांच्या गाड्या अशा डायरेक्ट झालेल्या आहेत, आणि पीयूसी त्यांनाही मिळते, कारण ती तपासणी सायलेन्सरच्या धुराची असते, टाकीच्या वाफेची नाही. भाचा क्षणभर मोहात पडला. मी म्हटले, "गाडी रात्री कुठे उभी करतोस?" खिडकीखाली, जिथे पोरगी झोपते. नवा कॅनिस्टर घेतला. तो महाग पडला, तरी एकूण खर्च नऊ हजारांच्या निम्म्याहूनही कमी झाला, आणि टाकी जुनीच राहिली. सूनबाईची डोकेदुखी थांबली, असे बहिणीने पुढच्या महिन्यात कळवले.

जुना कॅनिस्टर मात्र बहिणीने जपून ठेवला होता. म्हणाली, "कोळसाच आहे ना दादा, शेगडीला होईल." तो तिच्या हातून घेतला आणि त्याच पावली गॅरेजच्या भंगारात नेऊन दिला.