पीओची मागची बाजू

भोसरीच्या एमआयडीसीत लहान कारखानदाराच्या हाती पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, पडला की नजर नग, दर आणि तारखेवर जाते. कंपन्यांचे करार पाहणाऱ्या एका वकीलबाईंच्या टेबलाशी मी बसलो होतो. त्यांनी कागद घेतला आणि आधी उलटा केला. मागे बारीक टायपात अटी होत्या.

समोर सीएनसीवर जॉबवर्क करणारे मालक बसलेले. "मॅडम, हे सगळ्यांचंच छापील असतं."

"सही तर तुमचीच असते ना काका?"

पेन्सिल एका ओळीवर थांबली : माल स्वीकारल्यापासून 90 दिवसांत पेमेंट. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत लेखी ठरलेली नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. 45चा आकडा काकांना सीएकडून ठाऊक होता. पण 'स्वीकारल्यापासून' म्हणजे कधीपासून? काकांच्या मते क्वालिटीवाल्यांनी माल पास केल्यापासून. कायदा म्हणतो, माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला तोच दिवस स्वीकृतीचा.

मग बाईंनी जुनी डिलिव्हरी चलनं मागवली. सगळ्यांवर गेटचा गोल शिक्का होता. तारीख बहुतेकांवर नव्हती. माल कोणत्या दिवशी पोचला हेच दाखवता आलं नाही तर दिवस मोजणार कुठून? सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. शिक्क्याखाली तारीख आणि वेळ लिहून घ्यायची. त्याच दिवशी स्टोअर्सला ईमेल टाकायचा. फोनवर कुणी "पीस रिजेक्ट झालेत" म्हणालं, तर लेखी कळवा असं लगेच उत्तर द्यायचं. लघुउद्योग म्हणून झालेली उद्यम नोंदणी पीओच्या आधीची आहे ना, हेही त्यांनी पाहून घेतलं. नंतरची असली तर नेमका त्यावरच वाद निघतो.

नोटीस आल्यावर वकील गाठायची आपल्याकडे रीत आहे. तोवर चलनावरची तारीख मिळवायची वेळ गेलेली असते. मला वकिलाच्या फीचा खरा मोबदला दिसला तो या कंटाळवाण्या कामात.

वादाचं न्यायक्षेत्र गुरुग्राम, अशीही अट होती. थकबाकीसाठी मात्र पुरवठादार याच कायद्याखालच्या, आपल्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाऊ शकतो, गिऱ्हाईक देशात कुठेही असो. निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचं असलं, तर गिऱ्हाइकाला रकमेचे 75 टक्के आधी भरावे लागतात.

काकांची भीती वेगळीच होती : अटी बदला म्हटलं तर ऑर्डर जाईल. ही भीती खोटी नाही. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर शॉप चालत असेल तर जिवावरचीच गोष्ट. म्हणून बाईंनी सगळ्या कागदावर लाल रेघा मारल्या नाहीत. दोनच बदल मागणारं पत्र लिहिलं, तेही गिऱ्हाइकाच्या सोयीचं बोलणारं : लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर आयकरात त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, तेव्हा 45 दिवस दोघांच्याही हिताचे.

परचेसकडून उत्तर आलं. 90चे 45 झाले, न्यायक्षेत्र गुरुग्रामच राहिलं. बाई म्हणाल्या, चालेल. काकांनी सही केली.