कोणाच्या शब्दाला किती वजन?

घरात कोणी गेले की तेरावा होण्याआधीच एखादा नातेवाईक हळूच म्हणतो, ‘कायद्याने पैसे नॉमिनीचेच.’ दुसरा लगेच खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढतो. बँकेतल्या नोकरीत अशी कात्रणे मी पुष्कळ पाहिली. निकाल खोटा नसतो. प्रश्न असतो त्याचे वजन किती, हा. विधवेच्या म्हातारपणाची सोय आणि बहिणीचा वाटा त्यावर ठरतो.

कायद्याच्या आधारांची एक उतरंड असते. सर्वांत वर राज्यघटना, मग संसदेचे व विधिमंडळाचे कायदे, त्यांखाली नियम. त्यांचा अर्थ लावतात न्यायालये. पण सगळ्या न्यायालयांचा शब्द सारखा नसतो. घटनेच्या १४१ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पुण्याच्या दिवाणी न्यायालयाला पाळावाच लागतो. मद्रासचा मात्र पटला तर घ्यायचा. मुल्लांचा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ वकिलांना कितीही आदरणीय असो, तोही वाट दाखवतो, हुकूम देत नाही.

नॉमिनीचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याच्या पैशांबाबत सांगितले, की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा; मालकी वारसांची. पुढे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींसमोर शेअर्सचा दावा आला. पतीने नॉमिनी म्हणून पत्नीऐवजी दुसऱ्या नातलगाचे नाव लावले होते. कंपनी कायद्यातली शब्दरचना वेगळी आहे, म्हणून शेअर्स नॉमिनीचेच, असा निर्णय झाला. पत्नीच्या हाती काही आले नाही.

२०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी नेमके उलट मत दिले. दोन्ही न्यायमूर्ती एकेकटे बसलेले, म्हणजे अधिकाराने सारखे. मग प्रश्न खंडपीठाकडे गेला. २०१६ मध्ये खंडपीठाने ठरवले, की शेअर्सचा नॉमिनीही मालक नव्हे. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१० चे कात्रण जपून ठेवणाऱ्याच्या हाती आता नुसता कागद उरला.

आणि न्यायालयाचा शब्दही कायद्याच्या दुरुस्तीपुढे थांबतो. २०१५ मध्ये संसदेने विमा कायदा बदलला. आईवडील, पती, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्या पैशांचा लाभही त्यांचाच, असे शब्द त्यात आले. म्हणजे विम्याला एक नियम, शेअर्सना दुसरा. बँकेतल्या ठेवीचे पैसे नॉमिनीला दिले की बँकेची जबाबदारी संपते. वारसांचा हक्क संपत नाही.

म्हणून कोणी कात्रण पुढे केले, तर रागावण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. निकाल कोणत्या न्यायालयाचा? किती न्यायमूर्तींचा? कोणत्या कायद्याखालचा? आणि त्यानंतर तो फिरवला गेला किंवा कायदाच बदलला, असे तर नाही ना? एवढे वकिलांकडून समजून घेतले, तर भावाभावांतली निम्मी भांडणे कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत. उरलेली टाळायला हयातीत केलेले स्वच्छ मृत्युपत्र बरे.

आणि हो, हा लेखही कापून ठेवू नका. या उतरंडीत त्याला जागा नाही.